माटुंग्याची टाकी आणि गोखिवऱ्याचा धूर

वसई रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून गोखिवऱ्याच्या दिशेने गेले, की भोईदापाड्याजवळ शहराच्या कचऱ्याचा डोंगर लागतो. या डोंगराला आग लागल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या. अग्निशामक दलाचे बंब येतात, पाणी मारतात, ज्वाळा दिसेनाशा होतात. धूर मात्र पुढे कित्येक दिवस येत राहतो. अशा वेळी वसई-विरारच्या एखाद्या वर्गात मिथेनचे सूत्र फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कचऱ्यात तयार होतो तो हाच वायू ना? मग तो असा जळू देण्यापेक्षा त्याच्यावर वीज का करत नाहीत?" तर काय उत्तर द्यायचे?

प्रश्न चांगला आहे आणि वाटतो तितका नवा नाही. वसईहून लोकलने तासाभरात पोहोचता येईल अशा माटुंग्याला हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकदा सोडवला गेला होता. तिथे सडणाऱ्या घाणीतून निघालेल्या वायूवर इंजिन चालले होते. मग सव्वाशे वर्षांनंतरही गोखिवऱ्याचा वायू हवेत का जातो? उत्तर यंत्राच्या इतिहासात शोधून सापडत नाही. ते टाकीच्या इतिहासात सापडते.

दलदलीतला वायू

गोष्ट इटलीत सुरू होते. १७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टा माज्जोरे सरोवराच्या काठी गेला. तळाचा गाळ काठीने ढवळल्यावर वर येणारे बुडबुडे त्याने पाण्याने भरलेल्या बाटलीत पकडले आणि तो वायू पेटतो हे पाहिले. पुढे विजेच्या घटामुळे नाव झालेला हा शास्त्रज्ञ मिथेनचाही शोधक आहे, हे विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. सडणाऱ्या शेणखतातूनही हाच वायू निघतो, हे हम्फ्री डेव्हीने १८०८ साली दाखवले.

हा वायू तयार करणारे सूक्ष्मजीव प्राणवायूचे वैरी आहेत. भाजीपाला, शेण, मैला, कागद असे सेंद्रिय पदार्थ हवेत सडले, की त्यांतील कार्बनचा बहुतांशी कार्बन डायऑक्साइड होतो. तेच पदार्थ ओलाव्यात आणि हवा न लागता सडले, की एका गटाचे जीवाणू त्यांचे तुकडे करतात, दुसरा गट त्यांची आम्ले बनवतो आणि शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. म्हणजे पहिली अट हवा बंद करण्याची. व्होल्टाच्या सरोवरात हे काम पाण्याने केले होते.

माणसाने बांधलेल्या टाकीत हेच काम करून घेण्याचा मान सहसा इंग्लंडमधील एक्झेटर शहराला दिला जातो. तिथल्या डोनाल्ड कॅमेरॉन या अभियंत्याने १८९५ साली सांडपाण्यासाठी बंदिस्त टाकी बांधली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ असे नाव दिले. मैला विरघळवून टाकणे हा तिचा उद्देश होता. वायू निघणारच होता. कॅमेरॉनने तो गोळा करून त्यावर दिवे लावले.

माटुंग्याला काय घडले

त्या काळात मुंबईची स्थिती बिकट होती. १८९६ साली शहरात प्लेग शिरला आणि सांडपाणी, कचरा, गटारे हे विषय एकाएकी जीवनमरणाचे झाले. मुंबईत ड्रेनेजचे काम पाहणारे चार्ल्स कार्कीट जेम्स हे अभियंते नव्या सेप्टिक टाक्या आपल्या हवेत कशा चालतील याचा अभ्यास करत होते. थंड देशांत जिवाणूंचे काम हिवाळ्यात मंदावते, मुंबईत ते बारा महिने जोरात चालते, हा आपल्या हवामानाचा मोठा फायदा होता. पौर्वात्य शहरांच्या ड्रेनेजविषयीचे जेम्स यांचे पुस्तक १९०६ साली प्रसिद्ध झाले.

माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रयस्थान होते. आजचे वडाळ्याचे अॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. तिथल्या मैल्याच्या टाक्यांवर १८९७ साली वायू गोळा करण्याची सोय करण्यात आली आणि त्या वायूवर इंजिन चालवण्यात आले. जैववायूच्या जागतिक इतिहासात या घटनेची नोंद आवर्जून केली जाते. ज्यांना शहराने वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्या वस्तीत हा प्रयोग झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इथे शिक्षकांनी एक गंमत लक्षात घ्यावी. अनेक पुस्तकांत माटुंग्याच्या या टाकीचे वर्ष १८५९ असे छापलेले असते. एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा हा आकडा फिरत राहिला आहे. तो खरा असू शकेल का? आश्रयस्थान उघडले १८९० साली. ते ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले ते हॅरी अॅकवर्थ त्या वेळी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. (हेच अॅकवर्थ मराठी वाचकाला दुसऱ्या कारणाने माहीत असतात. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली काढला.) म्हणजे १८५९ साली ही संस्थाच नव्हती. सेप्टिक टाकी हे नावही नव्हते. शिवाय वायूवर चालणारे इंजिन तेव्हा बाजारात नव्हते. लेन्वारने आपले पहिले वायू-इंजिन १८६० साली केले. तीन स्वतंत्र पुरावे एकाच बाजूला बोट दाखवतात. इतिहासातला आकडा तपासायला दर वेळी दप्तरखाना गाठावा लागत नाही, आजूबाजूच्या तारखा जुळवून पाहिल्या तरी बरेच कळते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हा व्यायाम जरूर द्यावा.

माटुंग्याचा प्रयोग का जमला? त्याची तीन कारणे दिसतात. एक, टाकी बंदिस्त होती. वायूला बाहेर पडायला एकच वाट होती आणि त्या वाटेवर माणूस बसला होता. दोन, टाकीत काय जाते हे ठाऊक होते. काच, चिंध्या, पत्रा तिच्यात जात नव्हता. तीन, वायूचा वापर टाकीच्या शेजारीच होता. आणि या तिन्हींच्या मागे एक चौथी गोष्ट आहे. मूळ काम स्वच्छतेचे होते. इंधन ही वरकमाई होती.

गोबर गॅसची वाट

विसाव्या शतकात हीच टाकी खेड्यात गेली. जशभाई झवेरभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात ‘ग्रामलक्ष्मी’ या नावाने तरंगत्या टोपीचे संयंत्र तयार केले. शेणकाल्यावर उपडे घातलेले पिंप वायू साठला की वर उचलले जाते आणि वापरला की खाली बसते. वायू किती आहे हे घरच्या बाईला डोळ्यांनी दिसते. मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हा आराखडा स्वीकारला आणि गोबर गॅस हा शब्द मराठी घरात रुळला.

माटुंग्याचा धागा अधिक थेट पुढे नेला तो देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी. १९५९ साली ते देहूला सरकारी डॉक्टर म्हणून आले. दवाखान्यात येणारे बहुतेक रोग उघड्यावरच्या शौचामुळे होतात, हे पाहून त्यांनी गावात संडास बांधायला घेतले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे जे काम केले होते त्याची प्रेरणा त्यांच्यामागे होती. संडासाला जोडलेल्या जैववायू संयंत्रांवर मापुसकर आयुष्यभर काम करत राहिले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्यांच्याही कामाचा क्रम तोच होता: आधी आरोग्य, मग वायू.

डोंगरातला वायू

शहरांनी मात्र दुसरी वाट धरली. मुंबईचे देवनारचे डंपिंग ग्राउंड १९२७ साली सुरू झाले. शहराबाहेर, खाडीकाठच्या पाणथळ जमिनीत कचरा टाकायचा, भर पडली की पुढे सरकायचे, असा हिशेब होता. कचऱ्याचे थर चढले, की खालच्या थरांना हवा मिळेनाशी होते आणि तिथे मिथेन तयार होऊ लागतो. कोणी न बांधलेली, झाकण नसलेली आणि आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसलेली अशी ही टाकी असते.

अशा टाकीचा वायू कुठेही वाट काढतो. इंग्लंडमध्ये लॉस्को या गावी २४ मार्च १९८६ रोजी स्फोट होऊन एक घर उद्ध्वस्त झाले. जवळच्या भरावातला मिथेन जमिनीखालून घरात शिरला होता. त्या रात्री वातावरणाचा दाब झपाट्याने उतरला आणि जमिनीतला वायू बाहेर ओढला गेला. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला, की एक ठिणगी पुरते. आपल्याकडे जानेवारी २०१६मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर मुंबईवर कित्येक दिवस राहिला. उघड्या ढिगात धुमसणारी आग पाण्याने सहज विझत नाही, कारण पाणी मोजक्या फटींतून वाहून जाते आणि आतला निखारा तसाच राहतो.

या वायूचा उद्देशपूर्वक उपयोग अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालोस व्हर्डीस येथे १९७५ साली सुरू झाला. भरावात छिद्रे असलेले नळ खोल पुरायचे, वरून माती आणि चिकणमातीचे झाकण घालायचे आणि पंख्याने हलका शोष देऊन वायू ओढून घ्यायचा, ही पद्धत आता जगभर आहे. शोष हलकाच हवा. जास्त ओढले, तर झाकणाच्या फटींतून हवा आत शिरते, मिथेनजनक सूक्ष्मजीव मरतात आणि आतल्या आत आग लागू शकते.

छोटी टर्बाइने

मोठ्या भरावांवर वायू-इंजिने बसवतात. पण भराव बंद झाल्यावर वायू वर्षागणिक कमी आणि पातळ होत जातो. अशा वायूसाठी १९९०च्या दशकाच्या शेवटी एक नवे यंत्र बाजारात आले, ते म्हणजे सूक्ष्म टर्बाइन. कॅलिफोर्नियातील कॅपस्टोन कंपनीचे ३० किलोवॅटचे यंत्र त्यांतले गाजलेले. विमानाच्या इंजिनाचे तत्त्व कपाटाएवढ्या पेटीत बसवलेले असते. हवा दाबून घेतात, तिच्यात वायू जाळतात आणि तापलेली हवा चाकाची पाती फिरवते. त्याच दांड्यावर जनित्र असते. दांडा मिनिटाला ९६ हजार फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि तो हवेच्याच पातळ थरावर तरंगत असल्याने त्याला वंगण लागत नाही. बाहेर पडणाऱ्या गरम हवेने आत येणारी हवा तापवून घेतात, म्हणून इंधन वाचते. लॉस एंजेलिसजवळच्या लोपेझ कॅनियन या बंद झालेल्या भरावावर २००१ साली अशी ५० यंत्रे एकत्र बसवण्यात आली.

या यंत्राची भूक किती, हे वर्गात काढता येईल. भरावाच्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. असा १ घनमीटर वायू जळला, की सुमारे १८ मेगाज्यूल, म्हणजे ५ युनिट उष्णता मिळते. यंत्राची कार्यक्षमता २६ टक्के धरली, तर त्यातून १.३ युनिट वीज हाती येते. ३० किलोवॅटच्या एका यंत्राला तासाला सुमारे २३ घनमीटर, दिवसाला ५५० घनमीटर वायू लागतो. त्यातून रोज ७२० युनिट वीज मिळते. रोज ५ युनिट वापरणाऱ्या १४४ घरांची ती गरज आहे.

यंत्र साधे असले तरी वायू साधा नसतो. त्यात पाण्याची वाफ असते, धातू खाणारा हायड्रोजन सल्फाइड असतो आणि शांपू, मलमे, प्रसाधने यांतून आलेली सिलॉक्सेन नावाची संयुगे असतात. जळल्यावर त्यांची बारीक वाळू होते आणि ती टर्बाइनच्या पात्यांवर बसते. म्हणून वायू आधी सुकवावा, गाळावा आणि कोळशाच्या थरातून न्यावा लागतो. टाकीत काय जाते हे ठाऊक नसल्याची किंमत इथे मोजावी लागते.

गोराईचा धडा

आपल्याकडचे जवळचे उदाहरण बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीकाठी असलेल्या गोराईचे. तिथे १९७२पासून मुंबईचा कचरा पडत होता. २००७ साली ते डंपिंग ग्राउंड बंद झाले तेव्हा सुमारे १९.६ हेक्टरांवर २३.४ लाख टन कचरा साठला होता. पुढे महापालिकेने या डोंगराला नीट उतार दिले, त्यावर आवरण आणि माती घातली, गवत लावले आणि वायूसाठी विहिरी खोदल्या.

या कामाला पैसा मिळण्याचे एक कारण १९९७च्या क्योटो करारात होते. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर एक टन मिथेन हवा तापवण्यात सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. तो जाळून टाकला तरी वातावरणाचा फायदा होतो, आणि त्या फायद्याचे श्रेय विकता येत होते. आशियाई विकास बँकेने हे श्रेय घेण्यासाठी आगाऊ रक्कम दिली. प्रकल्पाच्या नावातच दोन कामे होती: भराव बंद करणे आणि वायू पकडणे. पकडलेला वायू बंदिस्त ज्योतीत जाळण्याची सोय झाली. वीज ही पुढची पायरी होती. पण शेजारच्या वस्तीच्या दृष्टीने खरा लाभ पहिल्याच पायरीवर पदरात पडला होता. डोंगर झाकला गेला होता.

आपल्या हवेत एक अडचण आणखी आहे. आपल्या कचऱ्यात भाजीपाला आणि अन्न जास्त, वर चार महिने मुसळधार पाऊस. तो झपाट्याने सडतो. भराव झाकून विहिरी खोदेपर्यंत बराचसा वायू उडून गेलेला असतो. मुंबईत टाकी वेगाने चालते, हा माटुंग्याला झालेला फायदा उघड्या ढिगावर तोट्याचा होतो.

पुन्हा वसईला

बोरिवलीहून पाचवे स्टेशन वसई रोड. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे वळू.

त्या लोकसंख्येचा कचरा माणशी रोज ४०० ग्रॅम धरला, तर दिवसाला जवळजवळ ५०० टन होतो. त्यातला निम्मा ओला मानू. वेगळा केलेला ओला कचरा बंदिस्त टाकीत घातला, तर टनामागे ६० ते १०० घनमीटर वायू काही आठवड्यांत मिळतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ संयंत्र याच तत्त्वावर चालते. म्हणजे एका छोट्या टर्बाइनला सुमारे ८ टन ओला कचरा रोज पुरेल. शहरातला सगळा, २५० टन ओला कचरा वेगळा मिळाला, तर अशी ३० यंत्रे चालतील आणि साडेचार हजारांच्या आत घरांना वीज मिळेल. घरात सरासरी चार माणसे धरली, तर शहरात तीन लाख घरे होतात. थोडक्यात, सत्तर घरांचा ओला कचरा एका घराला वीज पुरवील.

हा आकडा विद्यार्थ्यांसमोर प्रामाणिकपणे ठेवावा. कचऱ्यातून शहर उजळेल असे म्हणणे खोटे आहे. पण त्या २५० टनांपैकी जो प्रत्येक टन टाकीत जातो, तो डोंगरावर जात नाही. तिथे सडत नाही, मिथेन सोडत नाही. टाकीतून उरते ते खत. आणि ओला भाग वगळलेला सुका कचरा वेचायला, विकायला सोपा होतो. २००० साली आणि पुन्हा २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या घनकचऱ्याच्या नियमांत कचरा वेगवेगळा करण्यावर भर होता, तो याचसाठी.

जुन्या डोंगरांचे काय? बऱ्याच ठिकाणी ते उकरून, चाळून माती, दगड, प्लॅस्टिक वेगळे करण्याचे काम हाती घेतले गेले आहे. असा उकरलेला डोंगर वायू देत नाही, कारण त्याला हवा लागते. म्हणजे ज्या डोंगरावर टर्बाइन बसवण्याची कल्पना आपण करतो, तो डोंगर नाहीसा करणे हेच आपले ध्येय आहे. याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. भरावाच्या वायूवरची वीज ही झालेल्या चुकीची भरपाई असते, आणि चूक पुन्हा करत राहून भरपाई वाढवण्यात शहाणपण नाही.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला असे सांगता येईल: इंजिन चालवणे आपल्याला १८९७ सालीच जमले होते, ३० किलोवॅटचे टर्बाइनही आज विकत मिळते. अडले आहे ते त्याच्या कितीतरी आधी, टाकीत काय घालायचे हे ठरवण्यापाशी. आणि ते ठरते तुझ्या घरच्या ओट्याखाली, जिथे दोन डबे आहेत की एक, यावर. माटुंग्याच्या टाकीत काय जाते हे तिथल्या माणसांना माहीत होते. गोखिवऱ्याला काय जाते, हे उद्या सकाळी आपल्या शाळेची कचरापेटी उलटी करून, वर्गीकरण करून, तराजूवर तोलून पाहावे. मोजणीची वही ठेवावी. सव्वाशे वर्षांच्या या इतिहासाचे पुढचे पान तिथूनच लिहायला घ्यावे लागेल.